तुमचंही बरोबर आहे

नागपुरात माणूस वाद घालतो म्हणजे तो रागावलेलाच असतो असं नाही. पुष्कळदा त्याच्याकडे नुसता वेळ असतो. आमच्या टोळक्याकडे तो सकाळी भरपूर असतो. फुटाळा तलावाला चक्कर झाली की आम्ही तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहतो आणि चालून जे काही घटलं असेल ते तिथं भरून काढतो.

सध्या विषय झिरो माईलचा, म्हणजे नागपुरातल्या त्या जुन्या दगडी खांबाचा आहे. बँकेतून रिटायर झालेले काका म्हणाले, "भारताचा मधोमध म्हणजे आपलं नागपूर. इंग्रजानं मोजून दगड गाडला." मी एवढंच म्हणालो की काका, तो दगड 1907 चा आहे, त्यावर 'जी. टी. एस. स्टँडर्ड बेंच मार्क' असं कोरलंय. जी. टी. एस. म्हणजे इंग्रजांनी केलेलं हिंदुस्थानचं मोठं सर्वेक्षण, आणि बेंच मार्क म्हणजे जमिनीची उंची मोजताना आधाराला धरायची खूण; मध्याशी तिचा काय संबंध? शिवाय तेव्हाच्या हिंदुस्थानात कराची होती, रंगूनही होतं. तेव्हाचा मध्य आज तिथंच कसा राहील? आताचा तर मध्य प्रदेशात, कटनी जिल्ह्यात करौंदीजवळ सांगतात.

काकांनी चमचा खाली ठेवला. "तू पुण्याले होता ना नोकरीले?"

झालं. मी कराचीबद्दल बोलत होतो आणि आरोपी मी झालो. पुण्याची नोकरी निघाली, मी पोह्यांवर तर्री कमी घेतो तेही निघालं. ज्याला तर्री सोसत नाही त्यानं इतिहास सांगू नये, असा निकाल ठेलेवाल्यानं कढईमागून दिला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. वडीलधाऱ्यांशी वाद घालताना आणखी एक अडचण असते: आपला आवाज चढला की उद्धटपणा, त्यांचा चढला की बीपी. आणि त्या दिवशी पैसे काका देणार होते, म्हणजे माझं तोंड निम्मं बंदच.

पण काका दुसऱ्या दिवशी वाचून आले. हे मात्र मानावं लागेल. "ते जी. टी. एस. सर्वेक्षण 1802 मध्ये मद्रासकडे सुरू केलं त्या इंग्रज लॅम्ब्टननं. अन् मेला कुठं? हिंगणघाटले! 1823 मध्ये. मोजत मोजत मध्यापाशी पोहोचला अन् गेला बिचारा."

"काका, हिंगणघाट वर्धा जिल्ह्यात आहे."

"मग? वर्धा काय पाकिस्तानात आहे?"

या वादाचा मला त्रास होत नाही. काका ओरडतात, पण माझं बोलणं ऐकून त्यावर ओरडतात. घरी जाऊन चष्मा लावून शोधतात. माझा खरा छळ करतो तो आमच्यातला तिसरा. तो कधीच वाद घालत नाही. मी बोललो की मान डोलावतो, "तुमचंही बरोबर आहे." काका बोलले की त्याच डोलात, "काकांचंही बरोबर आहे." आवाज मऊ, हात खांद्यावर. एकदा विदर्भ राज्य व्हावं की नाही यावर ठेला दणाणत होता, तर हा दोन्हीकडच्यांना पाणी वाटत फिरला. सगळे म्हणतात, किती सभ्य माणूस! मला तो सभ्य वाटत नाही. आपण दोघंही काय बोललो ते त्यानं ऐकलेलंच नसतं. समोरच्याला तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणायचं तर आधी त्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि एवढे कष्ट घ्यायची या गृहस्थाची तयारी नाही. वर आपण निघून गेलो की तो मागं हळूच सांगतो, "त्याला समजून घ्या जरा, सध्या टेन्शनमध्ये आहे." मी कसल्याही टेन्शनमध्ये नव्हतो. आता आहे.

परवा करौंदीवरून पुन्हा पेटलं. काका हात उंचावून बोलत होते, मी मोबाईलवर नकाशा मोठा करून दाखवत होतो. तेवढ्यात हा आमच्या मधे आला आणि म्हणाला, "कशाला भांडता? अर्धा मध्य नागपुरात धरू, अर्धा करौंदीत."

ठेला एकदम गप्प झाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे.

"अर्धा मध्य असते काय बे?" काका गरजले.

"मध्य म्हणजे एकच बिंदू असतो," मी त्यांना दुजोरा दिला.

पुढची दहा मिनिटं आम्ही दोघांनी मिळून त्याला भूमिती शिकवली. ठेलेवाल्यानंही झारा हवेत फिरवून एक वर्तुळ काढून दाखवलं. मग काकांनी खिशात हात घालून ठेलेवाल्याला सांगितलं, "दोन प्लेटचे घे. माझी अन् या पुण्यावाल्याची."