ज्येष्ठांच्या वर्गात जमिनीवरून उठणं शिकवा

ज्येष्ठांसाठी योगवर्ग म्हटलं की साचा ठरलेला. खुर्च्या मांडायच्या, मान-खांदे फिरवायचे, अनुलोम-विलोम, लांबलचक शवासन आणि मग चहा. ज्यांना चालणंही अवघड झालंय त्यांच्यासाठी हे ठीकच आहे. पण रोज पर्वती चढणाऱ्या, नातवाला शाळेत सोडून येताना भाजीच्या दोन पिशव्या आणणाऱ्या काकूंनाही आपण हेच देतो, आणि त्याचा मला खरंच राग येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली स्पष्ट सांगितलंय की पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करावा. आपल्या वर्गांत ताकदीचं नावच नसतं. वर्षभर तेच हात फिरवणं!

मी पुण्यात ज्येष्ठांना योग शिकवते. माझ्या वर्गाचा कणा आहे जमिनीवरून उठणं. डायनिंग टेबल, सोफा, कमोड आले आणि खाली बसायची सवयच गेली. मग पडण्यापेक्षा ‘पडले तर उठता येईल का’ ही भीती मोठी होते. म्हणून रोज सराव: कुशीवर वळायचं, हाताने रेटा देऊन बसायचं, हात-गुडघ्यांवर यायचं. गुडघ्याखाली सतरंजीची घडी. एक पाऊल पुढे, तळवा पूर्ण टेकलेला, हात खुर्चीच्या बैठकीवर, आणि श्वास सोडत वर. सुरुवातीला खुर्ची लागते, मग नुसती भिंत, मग काहीच नको. आधार घ्यायला कुणी लाजलं तर मी सांगते, बी. के. एस. अय्यंगारांनी याच पुण्यात पट्टे, ठोकळे आणि दोऱ्या घेऊन जगाला योग शिकवला.

आता मनाचं. मन म्हणजे डोळे मिटून पडणं एवढंच का? कर्वे रोड ओलांडताना डोळे उघडे लागतात, पाय नीट पडावे लागतात आणि शेजारची मैत्रीण बोलतच असते. म्हणून आम्ही फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालतो आणि चालता चालता पाढे उलटे म्हणतो. जुन्या शाळेतल्या काकांना दिडकी, अडीचकी, म्हणजे दीड आणि अडीचचे पाढे, अजून पाठ आहेत. ते म्हणताना पाऊल डगमगलं की सगळे थांबतात, श्वास घेतात, पुन्हा पाऊल टाकतात. एवढी एकाग्रता मी शवासनात क्वचितच पाहिली आहे.

काळजी घ्यायचीच, पण ज्याची त्याची बघून. हाडं ठिसूळ असतील तर पाठीचा कणा गोल करून जोराने पुढे वाकणं टाळायचं. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत. बीपी असलेल्यांनी श्वास रोखून धरायचा नाही. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर शवासनातून झटकन उभं राहू द्यायचं नाही. मिनिटभर बसवायचं, नाहीतर चक्कर येते. हे सगळं पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

आणि बॅच वयावरून पाडू नका हो! छातीशी हात बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजा, भिंतीजवळ एका पायावर उभं करून बघा. ७८ वर्षांच्या आजी कधीकधी साठीतल्या साहेबांच्या पुढे असतात. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि व्यायाम थोडा अवघड करा.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या मंडळींना कळकळीची विनंती: पुढच्या वेळी शिक्षक नेमताना फीबरोबर हेही विचारा, की तीन महिन्यांनी आमच्या माणसांना आज न जमणारं काय जमायला लागेल?