पांढऱ्या पट्टीखालचं नाव

काल रात्री साडेनऊच्या सुमारास बंड्याने कट्ट्यावर मोबाइल पुढे केला. त्याच्या मीमच्या पेजला एका मिसळवाल्याचा मेसेज आला होता: "हीच पोस्ट परत टाका, खाली आमचं नाव घाला, दोन हजार देतो." तीन वर्षं लोकांना फुकट हसवल्यावर ही पहिली कमाई. तात्यांनी लगेच सगळ्यांना चहा सांगितला.

मी पोस्ट बघितली. भर पावसात एसटीच्या दाराला लटकलेला माणूस आणि वर आपल्या सांगलीच्या बोलीतलं एक झकास वाक्य. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात मात्र नखाएवढी पांढरी पट्टी होती. फोटो मोठा केला, तर पट्टीच्या वर एक वेलांटी डोकावत होती.

"हे काय रे?"

"ज्यानं बनवलंय त्याचं नाव. तासगावचा कुणीतरी पोरगा आहे. सगळेच झाकतात."

तिथून पेटलं.

वकील (वकिली करत नाही, पण हरतही नाही) म्हणाला, "मांजरांच्या फोटोंवर कंपनी उभी राहिली, ठाऊक आहे का? 2007च्या जानेवारीत हवाईतल्या दोघांनी एका करड्या, गुबगुबीत मांजराचा फोटो टाकला. खाली मुद्दाम चुकीच्या इंग्रजीत चीजबर्गर मागणारं वाक्य. लोक तुटून पडले. त्याच वर्षी बेन ह नावाच्या माणसानं गुंतवणूकदार जमवून ती साइट सुमारे 20 लाख डॉलरला घेतली. लोकच फोटो पाठवायचे, लोकच ओळी लिहायचे. त्यानं फक्त जागा दिली, जाहिराती लावल्या, पुस्तकं काढली. कुणाच्या पोटात दुखलं?"

गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडतेही. सिएटलमध्ये बसून त्या माणसाने फजितीच्या फोटोंची वेगळी साइट चालवली, मग आणखी कितीतरी. रोज शेकड्यांनी येणाऱ्या फोटोंतून नेमके पुढे काय आणायचं, ही निवडही मेहनतच आहे, हे मी मान्य केलं. पण तिथे फोटो पाठवणाऱ्याला माहीत असायचं की आपण कुणाला पाठवतोय. तासगावच्या पोराने बंड्याला काही पाठवलंच नव्हतं.

"आणि वकीला, पुढचं का गिळलंस?" मी म्हणालो. 2011 मध्ये त्या कंपनीला 3 कोटी डॉलर मिळाले, 2013 मध्ये तिथल्या जवळपास एकतृतीयांश माणसांना घरी पाठवलं गेलं आणि 2016 मध्ये कंपनी विकली गेली. तोवर लोकांना विनोद बघायला कुठल्या साइटवर जायची गरजच उरली नव्हती, तो हातातल्या फोनवर आपोआप येत होता. जागेचं भाडं खाणाऱ्याची जागाच हलली. लोकांना हसवणारं डोकं मात्र तेव्हाही लागत होतं, आजही लागतं, आणि त्याचाच हिशोब कुणी धरत नाही.

तात्या इतका वेळ गप्प होते. "मग त्या डोक्यानं पोट कसं भरायचं? कोर्टात जायचं?"

एक मांजर गेलं होतं, मी सांगितलं. ते रुसलेल्या तोंडाचं अमेरिकन मांजर, ग्रम्पी कॅट. मालकिणीने आधीच कंपनी काढून नाव नोंदवून ठेवलं होतं. एका पेयवाल्याशी कोल्ड कॉफीपुरता करार झाला आणि त्याने त्याच तोंडाचं चित्र लावून दळलेली कॉफीसुद्धा विकायला काढली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने 7,10,001 डॉलर द्यायला लावले.

"ते अमेरिकेत," वकील म्हणाला. "इथं मीमसाठी कोण वकील लावणार?"

"कोर्ट राहू दे. यूट्यूबसुद्धा मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के बनवणाऱ्याला देतं. एवढी मोठी कंपनी अर्ध्याहून जास्त सोडते आणि आपण नावसुद्धा ठेवू नये?"

"पेज मी वाढवलंय," बंड्या कळवळून म्हणाला. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलोय. त्याच्या पेजवर चारशे माणसं नाहीत. माझ्याकडे आलं नसतं तर कुणी बघितलं असतं ते?"

हे खोटं नव्हतं, म्हणून उत्तर द्यायला मला वेळ लागला. तू गर्दी आणलीस भावा, तिचे पैसे घे. पण मिसळवाल्याला तुझी गर्दी नुसती नकोय, त्याला ते वाक्य हवंय. ते त्या पोराला सुचलं, कुठल्यातरी एसटीत भिजत उभं असताना.

"निम्मे," तात्यांनी निकाल दिला. "आणि पट्टी काढ."

वकिलाला निम्मे फार वाटले. सातशेवर अडून बसला. बंड्याने दोघांकडे बघितलंही नाही. तो अंगठ्याने पेज खाली सरकवत होता, मागच्या महिन्यात, मागच्या दिवाळीत, आणि ओठातल्या ओठात मोजत होता. एकतिसाव्या पट्टीला थांबला. समोर ठेवलेल्या त्याच्या चहावर साय धरली होती.