कॅरननं ते पुन्हा का गायलं?

नमस्कार. कॅरन आणि रिचर्ड या अमेरिकन कार्पेंटर्स भावंडांच्या ‘द सिंगल्स : १९६९–१९७३’ या गाणीसंग्रहावरचा माझा लेख तुम्ही बारकाईनं वाचलात आणि दोन आक्षेप घेतलेत. एक, गाजलेली गाणी एकत्र बांधून पुन्हा विकणं हा रेकॉर्ड कंपनीचा धंदा, त्याला स्वतंत्र अल्बमचा मान कशाला? दुसरा, नाव ‘सिंगल्स’, म्हणजे सुटी बाजारात आलेली गाणी, आणि आत रिचर्डनं फेरफार केलेली गाणी, ही सरळ फसवणूक.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे. १९६९चं ‘तिकिट टू राइड’ ज्याला जसंच्या तसं हवं, त्याला ते इथे मिळत नाही. हे मी लेखात सांगायला हवं होतं, राहून गेलं. पण फसवणूक हा शब्द मला मान्य नाही. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी कॅरन १९ वर्षांची होती. या संग्रहासाठी तिनं ते नव्यानं गायलं. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात सूर चोख लागतो, दुसऱ्यात त्या सुराला वजन आलंय. खर्जात उतरताना ती जराही घाई करत नाही.

‘टॉप ऑफ द वर्ल्ड’चं तर उलटंच आहे. १९७२च्या अल्बममधलं हे गाणं सिंगल म्हणून काढायचं भावंडांच्या मनात नव्हतं. लिन अँडरसन या गायिकेनं गायलेलं ते कंट्री संगीताच्या यादीत वर चढलं, तेव्हा यांनी आपलं बाहेर काढलं, तेही कॅरननं पुन्हा गाऊन. १९७३च्या अखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते हेच. म्हणजे इथे नवं गायलेलं तेच खरं सिंगल!

रिचर्डनं पुढे बऱ्याच वर्षांनी केलेल्या रीमिक्सवर तुमचा राग असेल तर तो मी समजू शकतो. इथे मात्र कॅरन स्वतः माइकसमोर उभी होती. ती १९८३ साली गेली, अवघ्या ३२व्या वर्षी. तिनं स्वतः होऊन पुन्हा गायलेली ओळ मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

आता धंद्याचं. ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’ हे गाणं मुळात एका बँकेच्या जाहिरातीतलं. पॉल विल्यम्स आणि रॉजर निकल्स यांची ती रचना रिचर्डनं टीव्हीवर ऐकली आणि त्यात पूर्ण गाणं दडलंय हे ओळखलं. जन्म बाजारात झाला म्हणून ते हलकं ठरलं का?

आणि ही नुसती मोळी नाही. सुरुवातीला ‘क्लोज टू यू’ची चाहूल लागते आणि ते पूर्ण गाणं थेट शेवटी, बाराव्या जागी येतं. मध्ये ‘सुपरस्टार’, ‘रेनी डेज अँड मंडेज’ आणि ‘गुडबाय टू लव्ह’ ही तीन गाणी वाद्यांच्या छोट्या दुव्यांनी एकमेकांत ओवली आहेत. सुटी ऐकताना तीन वेगळी दुःखं वाटतात. इथे एकच बाई एका रात्रीत एकेक पायरी खाली उतरत जाते, आणि शेवटी टोनी पेलुसोची खरखरीत गिटार तिला शब्दांत न सांगता आलेलं सगळं सांगून टाकते.

तुम्ही ही गाणी सुटी ऐकली असतील किंवा क्रम उलटसुलट लावून, तर हे दुवे तुटलेलेच ऐकू येणार. ती तीन एकदा सलग ऐका आणि मग पुन्हा लिहा. तेव्हाही पटलं नाही तर तसंच कळवा.