फॅमिली डॉक्टरला सीएमई कशाला? एका मेसेजला उत्तर

डॉक्टरांना नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर सीएमईचे, म्हणजे पदवीनंतरही चालू ठेवायच्या वैद्यकीय शिक्षणाचे, क्रेडिट (गुण) जमवावे लागतात. हा विषय निघाला की एक मेसेज डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरू लागतो आणि तिथून पेशंटांच्या ग्रुपवरही जातो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फॅमिली डॉक्टर सर्दी-ताप-जुलाब बघतो, त्यात नवं शिकण्यासारखं काही नसतं. तीस वर्षांचा अनुभव कुठल्याही लेक्चरपेक्षा मोठा. सीएमई म्हणजे औषध कंपन्यांच्या जेवणावळी, त्यातून कुणी सुधारत नाही. आणि एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्यावर क्रेडिटची सक्ती करणं हा छळ आहे, हवं ते मोबाइलवर मिळतंच.

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. या मेसेजमधल्या काही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पेशंटच्या जिवावर बेतणारा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सर्दी-तापाचं. ओपीडीत येणारा माणूस निदान कपाळावर लिहून येत नाही. तीन आठवड्यांचा खोकला टीबीचा असू शकतो. डेंग्यूच्या दिवसांत अंग दुखतंय म्हणून दिलेली डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची सुई रक्तस्राव वाढवू शकते. कुत्रा चावलेलं पोर आधी आमच्याकडेच आणतात. रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं औषध, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शक्य तितकं जखमेत आणि उरलेलं कमरेत, असं माझ्या पिढीनं पाठ केलं होतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते बदललं: औषध जखमेत आणि जखमेभोवतीच भरायचं, उरलेलं दुसरीकडे टोचून उपयोग नाही. हे ज्यांच्यापर्यंत पोचलं नाही ते आजही मिळायला अवघड असलेलं औषध कमरेत घालवतात.

दुसरं उदाहरण मधुमेहाचं. डापाग्लिफ्लोझिन ही गोळी माझ्या एमबीबीएसच्या पुस्तकांत नव्हतीच. २०२० मध्ये तिचं पेटंट संपलं, किमती कोसळल्या आणि बघता बघता ती खेड्यापाड्यांतल्या पेशंटच्या पिशवीत आली. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीलाही फायद्याचं आहे. पण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि त्यामुळे एक धोका लपून राहतो. नवरात्राचे कडक उपवास धरलेली बाई चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या आणि धाप घेऊन येते. ग्लुकोमीटरवर आकडा १८०. जुन्या शिकवणीप्रमाणे हा आकडा बघून डॉक्टर निर्धास्त होतो, पित्त झालंय म्हणून पॅन्टोप्राझोल देऊन घरी पाठवतो. प्रत्यक्षात तिच्या रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठून आम्लता वाढत चाललेली असू शकते. लघवीची कीटोनची पट्टी लावली तर शंका तिथेच येते आणि पेशंट वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचतो. उपवास, उलट्या-जुलाब किंवा ठरलेलं ऑपरेशन असेल तर ही गोळी आधीच थांबवायची, हे सांगणंही फॅमिली डॉक्टरचंच काम. ज्या गोष्टीची शंकाच येत नाही ती अनुभवातून कशी कळणार?

म्हणजे आता अनुभवाकडे. पेशंट म्हणतात, आमच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. ही श्रद्धा मी हलक्यानं घेत नाही. माणूस ओळखणं, घर ओळखणं, चेहऱ्यावरून आजाराचं गांभीर्य जोखणं हे अनुभवानंच येतं. पण औषधोपचार अचूक आहे का, हे अनुभव आपोआप सांगत नाही. ज्याला बरं वाटलं तो परत येतो, ज्याला नाही वाटलं तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि आपली चूक आपल्याला कधी दिसतच नाही. २००५ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये ६२ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत डॉक्टरांची प्रॅक्टिसची वर्षं वाढत गेली तशी तपासलेल्या सर्व निकषांवर उपचारांची गुणवत्ता घसरलेली दिसली.

परदेशातलं सोडा, मुंबईतलं घ्या. १९९१ मध्ये धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांचा टीबीवरच्या उपचारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी मिळून ८० वेगवेगळ्या पद्धती लिहून दिल्या होत्या. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या खासगी डॉक्टरांना पुन्हा तेच विचारलं. १०६ जणांनी ६३ वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या, आणि बरोबर प्रिस्क्रिप्शन फक्त ६ जणांचं होतं. या डॉक्टरांत ॲलोपॅथीबरोबर इतर पॅथींचेही होते, पण टीबीचे पेशंट या सगळ्यांकडेच जातात. ही मंडळी नवखी नव्हती, टीबी त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता. तरी वीस वर्षांत चित्र फारसं पालटलं नाही. चुकीच्या मिश्रणातून औषधांना न जुमानणारा टीबी तयार होतो आणि त्याची झळ घरातल्या, शेजारच्या, लोकलमधल्या माणसांना बसते.

जेवणावळींचा आरोप मात्र मी नाकारणार नाही. तारांकित हॉटेल, कंपनीचा फलक, तिच्याच गोळीभोवती फिरणारं व्याख्यान, सही करून जेवायला पळणारी रांग, हे मी पाहिलेलं आहे आणि मला त्याची चीड येते. नियम कधीचे आहेत. २००९ च्या अखेरीस मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यावर डॉक्टरांना बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात ठरवलं की डॉक्टरांना दिलेल्या अशा फुकट गोष्टींवरच्या खर्चाची सूट कंपनीला आयकरात मागता येणार नाही. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनं कंपन्यांना परदेशात सीएमई भरवायला मनाई केली आणि डॉक्टरांचा प्रवास व हॉटेलचा खर्च वक्त्यांपुरता ठेवला. अंमलबजावणी ढिली आहे, ती घट्ट व्हायलाच हवी. कंपनीच्या पैशांवरची सीएमई बंद करा, फी लावा, फलक काढा, मी सोबत आहे.

पण सीएमईच नको म्हणणाऱ्यांनी पुढचा विचार केलेला नाही. डॉक्टर पदवीनंतर काही ना काही शिकतोच. सभागृहातला तज्ज्ञ गेला की शिकवायला उरतो तो दुपारी बॅग घेऊन केबिनबाहेर बसलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी. तो बिचारा त्याचं काम करतो, त्याच्यावर टार्गेट असतं. पण त्याच्या रंगीत कागदावर गोळी कधी थांबवायची हे ठळक अक्षरांत नसतं. सरकारनं २०१६ मध्ये ३४४, २०१८ मध्ये ३२८ आणि २०२४ मध्ये १५६ औषधी मिश्रणांवर (एकाच गोळीत किंवा बाटलीत एकाहून जास्त औषधं) बंदीचे आदेश काढले. यातली कितीतरी मिश्रणं आमच्याच प्रिस्क्रिप्शनवर वर्षानुवर्षं खपली. ती आम्हाला कुठल्या पाठ्यपुस्तकानं शिकवली नव्हती.

सीएमईनं कुणी सुधारत नाही, हेही तपासून बघण्यासारखं आहे, कारण त्यावर खरंच काम झालंय. १९९९ च्या एका गाजलेल्या आढाव्यात दिसलं की नुसतं व्याख्यान ऐकून डॉक्टरची प्रॅक्टिस बदलत नाही. चर्चा, केस, हातानं करून बघणं असेल तर बदलते. कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात २१५ अभ्यास होते आणि शैक्षणिक बैठकांमुळे अपेक्षित पद्धतीनं उपचार करण्याचं प्रमाण साधारण ७ टक्के-बिंदूंनी वाढलेलं आढळलं. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण दिवसाला पन्नास-साठ पेशंट बघणाऱ्याच्या बाबतीत तो लहानही नाही.

शिक्षणाची मर्यादाही सांगायला हवी. कर्नाटक आणि बिहारमध्ये लहान मुलांच्या जुलाबावर झालेला एक मोठा प्रयोग २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. ओआरएस द्यावं हे माहीत असूनही ते लिहिलं जात नव्हतं. याचं सगळ्यात मोठं कारण निघालं, पेशंटला ओआरएस नकोच असेल ही डॉक्टरची समजूत. आपल्याकडेही आई म्हणते, ‘डॉक्टर, सलाइन लावा ना,’ आणि आम्ही लावतो. तेव्हा सीएमईत ओआरएसचं सूत्र पुन्हा सांगण्यापेक्षा त्या आईशी दोन मिनिटांत काय बोलायचं याचा सराव घ्यायला हवा. असा सराव मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

मोबाइलबद्दल फार लिहायला नको. शोधायला आधी प्रश्न पडावा लागतो, आणि वरच्या उपवासाच्या उदाहरणात अडचण नेमकी प्रश्न न पडण्याची आहे.

राहिली सक्ती. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची अट ५ वर्षांत ३० क्रेडिटची आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतही ५ वर्षांत किमान ३० तास असंच म्हटलंय, म्हणजे महिन्याला अर्धा तास. याला छळ म्हणणं मला पटत नाही. एकट्या डॉक्टरची खरी अडचण वेगळी आहे: दवाखाना बंद ठेवला तर दिवसाची कमाई जाते, आणि सिंधुदुर्ग किंवा गडचिरोलीतून चांगल्या सीएमईला यायचं तर पूर्ण दिवस मोडतो. त्यासाठी मागण्या करूया. ग्रामीण रुग्णालयात दुपारच्या सुट्टीच्या वेळेत, जेवणाशिवाय, आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेनं दोन तास घ्यावेत. तीसपैकी काही तास टीबी, रेबीज आणि अँटिबायोटिक यांसाठी राखून ठेवावेत. शिकवायला शहरातलाच तज्ज्ञ हवा असंही नाही. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यात पेशंट बघता बघता उभा केला आणि तो ‘लॅन्सेट’पर्यंत नेला; कोकणातल्या डॉक्टरांना त्यावर शिकवायला कोकणातलाच डॉक्टर बोलवा. हे लेखी मागितलं तर मी सही करीन. क्रेडिटच रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर मात्र करणार नाही.