सात पानांची फांदी कापण्याआधी थांबा

बागेची आवड असलेल्या बहुतेकांच्या फोनवर वेलगुलाबाबद्दलचा एक संदेश कधी ना कधी येऊन गेलेला असतो. शब्द थोडेफार बदलतात, सल्ले तेच. वेलगुलाब भिंतीला लागून लावा, तो आपोआप चढतो. दर वर्षी हातभर उंची ठेवून सगळा छाटा, फुलांनी लगडेल. सात पानांची फांदी दिसली की ती जंगली, लगेच कापा. केळीची सालं, अंड्याची टरफलं आणि एप्सम सॉल्ट घाला. रोज संध्याकाळी पानांवर पाणी मारा. यातल्या दोन सल्ल्यांपायी चांगले धडधाकट वेल वर्षानुवर्षं फुलाविना उभे राहिलेले मी पाहिले आहेत, म्हणून हा लेख.

'आपोआप चढतो' हे आधी मिटवू. गुलाबाला काकडीसारखे तणावे नसतात, तो गोकर्णासारखा वळसे घेत नाही आणि मनीप्लांटसारखी मुळं काढून भिंतीला चिकटतही नाही. त्याच्याकडे आहेत फक्त आकडेदार काटे. रानात त्यांच्या जोरावर तो शेजारच्या झुडपांत अडकत अडकत वर जातो. सपाट भिंतीवर अडकायला काही नसतं, त्यामुळे त्याला आपणच बांधावं लागतं. भिंतीपासून पाच-सात सेंटीमीटर पुढे आडव्या तारा ओढाव्यात, दोन तारांमध्ये 30 ते 45 सेंटीमीटर अंतर ठेवावं आणि फांदी सुतळीने सैल बांधावी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन. जाळीच्या भोकांतून फांद्या ओवू नका. दोन वर्षांनी त्या जाड होतात आणि मग जाळी तोडल्याशिवाय निघत नाहीत. रोप अगदी भिंतीच्या पायाशीही नको. तिथली माती कोरडी राहते, पाऊससुद्धा नीट पोहोचत नाही. हात-दीड हात पुढे लावून बुंधा भिंतीकडे कलता ठेवा.

आता छाटणी, कारण खरं नुकसान इथे होतं. हातभर ठेवून बाकी कापायचं, ही रीत झुडपी गुलाबाची आहे. झुडपी गुलाबाला नव्या, त्याच हंगामात फुटलेल्या फांदीच्या टोकाला फूल येतं, म्हणून तो खालून कापला तरी बिघडत नाही. वेलगुलाबाचं तसं नाही. तो आधी लांबलचक मुख्य फांद्या वाढवतो आणि त्या मुख्य फांद्यांवर फुटणाऱ्या आखूड बाजूच्या फांद्यांवर फुलतो. मुख्य फांदी म्हणजे त्याचा मांडव. दर वर्षी मांडवच मोडला तर पुढचं सगळं वर्ष तो पुन्हा उभारण्यात जातो. वेल हिरवागार, उंच, जोमदार दिसतो आणि कळी मात्र एक नाही. मग माणसं म्हणतात, 'खत कमी पडलं असेल.'

वर्षातून एकदाच बहर येणाऱ्या जातींमध्ये ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण त्यांचा बहर मागच्या वर्षीच्या किंवा त्याहून जुन्या लाकडावर येतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूम्बस्टोन गावी 1885 साली लावलेला 'लेडी बँक्स' जातीचा एक पांढरा गुलाब आजही जिवंत आहे. एकाच खोडातून निघून तो डोक्यावरच्या मांडवभर पसरला आहे आणि जगातला सर्वांत मोठा गुलाब म्हणून ओळखला जातो. ही जात जुन्या लाकडावरच फुलते. तिला दर वर्षी हातभर ठेवून कापलं, तर तिचं एकही फूल कोणाला दिसणार नाही. आणखी एक धोका आहे. काही वेलगुलाब मुळात झुडपी जातींपासून अचानक निपजलेले आहेत, उदाहरणार्थ 'आइसबर्ग'चा वेलप्रकार. असे वेल लावल्या लावल्या खालपर्यंत छाटले तर वेलपण सोडून पुन्हा झुडपासारखे वाढू लागण्याची भीती असते.

मग काय करायचं? कापायचं कमी आणि वाकवायचं जास्त. उभ्या फांदीचा शेंडा ऑक्सिन नावाचं संजीवक खाली धाडत असतो आणि ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या झोपलेल्या अंकुरांना, दाबून ठेवतं. म्हणून उभ्या वेलाला फक्त टोकाला, आपल्या नजरेच्याही वर, चार फुलं येतात. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचा तो वरचष्मा सुटतो आणि जवळजवळ प्रत्येक डोळा फुटू लागतो. हातभर लांबीत जिथे एक फूल नव्हतं तिथे पाच-सहा फुलत्या फांद्या दिसतात. मला विचाराल तर वेलगुलाबाची अर्धी निगा या एका गोष्टीत आहे. खांबावर चढवायचा असेल तर सरळ वर न नेता गोल गोल गुंडाळत न्या, परिणाम तोच. पहिली दोन-तीन वर्षं वाळकं आणि रोगट तेवढंच काढा. पुढे, पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या जातीत, फुलून गेलेल्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर छाटा आणि चार-पाच मुख्य फांद्यांपैकी सगळ्यात म्हातारी एखादी बुडापासून काढा, तीही बदली फांदी तयार असेल तरच. एकदाच फुलणाऱ्यांना बहर ओसरल्यावर लगेच छाटावं, आधी कधीच नाही.

आणि सात पानांची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त लागते. शेजारच्या काकूंनी बुंध्यातून निघालेल्या तीन लांब, रसरशीत फांद्या याच सल्ल्यावरून छाटणीच्या कात्रीने उडवल्या. पुढची दोन वर्षं ज्यांवर फुलं यायची, त्याच त्या होत्या. आपण ज्याला सात पानं म्हणतो ते खरं तर एकच पान असतं, सात पर्णिकांचं, म्हणजे एकाच देठावरच्या सात छोट्या पानांचं. एकाच वेलावर कळीजवळ तीन पर्णिकांची, त्याखाली पाचांची आणि आणखी खाली सातांची पानं सहज सापडतात. 'न्यू डॉन' हा जगभर लावला जाणारा फिकट गुलाबी वेलगुलाब. 1931 साली अमेरिकेत वनस्पतीला दिलेलं पहिलं पेटंट याचंच. त्याच्या पूर्वजांत विचुराना हा रानगुलाब आहे, ज्याला सात-नऊ पर्णिका असतात. 'न्यू डॉन'वरही सातांची पानं भरपूर येतात. संदेशाप्रमाणे वागलं तर त्याला मुळासकट उपटावं लागेल! उलट बाजूनेही हिशेब चुकतो. कलमासाठी खुंट म्हणून, म्हणजे ज्याच्या मुळांवर हवी ती जात बांधतात असा, वापरल्या जाणाऱ्या 'डॉ. ह्यूई' या गुलाबाची पानं पाच पर्णिकांचीही असतात, म्हणजे ज्याला हटवायला हवं तोच या परीक्षेत पास होतो.

जंगली फुटवा ओळखायचा तो पर्णिका मोजून नव्हे, तर तो कुठून निघाला ते पाहून. बुंध्याशी जिथे खुंटावर आपल्या जातीचा डोळा बसवून कलम केलेलं असतं तिथे एक गाठ दिसते. गाठीच्या वरून निघालेलं सगळं आपलं, मग पर्णिका कितीही असोत. खालून, मुळाकडून निघालेला फुटवा खुंटाचा. गाठ मातीखाली गेली असेल तर बोटांनी माती बाजूला करून बघा. फुटवा खुंटाचाच निघाला तर तो वरून कापू नका, उगमापाशी धरून ओढून काढा. कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून आणखी फुटतो. रोप कलमी नसून फांदीपासून मुळं धरवून केलेलं असेल, तर जंगली फुटव्याचा प्रश्नच उरत नाही.

केळीच्या सालींत पोटॅशियम असतं, हे खरं. पण ते साल कुजल्यावर मातीत उतरतं, त्यासाठी कंपोस्ट आहेच. अंड्याच्या टरफलातलं कॅल्शियम कार्बोनेट फार सावकाश विरघळतं आणि आधीच चुनखडी असलेल्या मातीत जवळजवळ नाहीच. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम खरोखर कमी असेल, म्हणजे जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर ते उपयोगी. एरवी जास्तीचं मॅग्नेशियम पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या वाटेत येतं. कुजलेलं शेणखत, बुडाशी पाचोळ्याचं आच्छादन आणि दिवसाचं सहा तास ऊन, एवढ्यावर वेल खूश असतो.

संध्याकाळी पानांवर पाणी मारणं म्हणजे काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला आवतण. तिच्या बीजाणूंना रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं आणि रात्र त्यांना नेमकं तेच देते. पाणी सकाळी, बुडाशी, थोड्या दिवसांच्या अंतराने पण खोलवर मुरेल असं द्या.

ज्यांनी वेल आधीच कापून टाकला आहे, त्यांनी त्याला या वर्षी हात लावू नये. बुंध्यातून नव्या लांब फांद्या येतील. त्या हिरव्या, लवचिक असतानाच, आठवडाभरात थोड्या थोड्या वाकवत आडव्या बांधा. लाकूड पक्कं झाल्यावर त्या वाकत नाहीत, मोडतात.