आळशी नाही हो, तिला ते नकोच आहे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे सरळच लिहिते.

आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे. कामात एक नंबर. कितीही किचकट काम तिच्याकडे द्यावं आणि निर्धास्त व्हावं. आज तिचं अप्रेझल होतं. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?’ हा ठरलेला प्रश्न आला आणि ती म्हणाली, ‘इथेच. मला हे काम आवडतं. टीम सांभाळायची नाहीये मला.’ झालं! महत्त्वाकांक्षा नाही, मोटिव्हेशन कमी पडतंय, म्हणून भलंमोठं लेक्चर. बाहेर आल्यावर बाकीचे तिलाच समजावतायत, ‘अगं, असं बोलतात का तिथे? काहीतरी ठोकून द्यायचं.’ म्हणजे ठोकून देणारे सगळे पास आणि खरं बोलली ती नापास.

मला माझी ताई आठवली.

ताई बरीच वर्षं गाणं शिकली. गळा चांगला होता, पण रियाझाला बसायचं म्हटलं की तिला नेमकं कपाट आवरायचं सुचायचं. नाहीतर डोकं दुखायचं. घरातले सगळे तिला आळशी म्हणायचे, तीही स्वतःला तेच म्हणायची. वेळापत्रकं झाली, भिंतीवर सुविचार चिकटवून झाले, पहाटेचे गजर लावून झाले. आणि याच आळशी मुलीच्या हाती बंद पडलेला रेडिओ लागला की ती जेवायला उठायची नाही. काढलेला एकेक स्क्रू ती त्याच क्रमाने कागदावर मांडायची आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने बारीक खूण करायची, परत बसवताना चुकायला नको म्हणून. त्यासाठी कोणी गजर लावला होता तिला?

आपण माणसाला ‘जोर कमी पडतोय’ एवढंच सांगतो. तुला हे खरंच हवंय का, हे कोणी विचारत नाही. कारण उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे काय करायचं ते आपल्यालाच कळत नाही! शोभेल अशी इच्छा धरायची, ती ओढत न्यायची आणि दम लागला की स्वतःला शिव्या घालायच्या. उसन्या चपलेने किती चालणार माणूस?

बरं, बाहेरून जोर लावला की काय होतं, तेही जुनंच आहे. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. मुलांनी काढली, प्रमाणपत्रं मिळाली. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवड होती तीसुद्धा बक्षिसाच्या आमिषाने पातळ झाली. मग मुळात नसलेली आवड लेक्चर देऊन कुठून येणार?

आणि जोर लावणारा दरवेळी बाहेर उभा असतो असंही नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलंय: लाज वाटू नये, अपराधी वाटू नये म्हणून आपण जे करतो, ते आतून आल्यासारखं वाटतं, पण आपलं नसतं. दुसऱ्याचा आवाज आपल्या डोक्यात मुक्कामाला आलेला असतो. ताईचा रियाझ अगदी असा होता. रागावणारं कोणी घरात नसलं तरी ती स्वतःवर रागवायची.

हो, मान्य आहे, सगळ्यांनाच मनासारखं करता येत नाही. घर चालवायचं असतं. पण मग ‘मला पगार हवाय’ असं स्वच्छ म्हणा ना! त्यात काय कमीपणा आहे? पगारासाठी नेकीने काम करणारी माणसं मला पॅशनच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा कितीतरी जवळची वाटतात. आणि करता करता गोडी लागते, हेही होतं कधीकधी. ताईला मात्र नाही लागली.

एका संध्याकाळी तिने गाण्याची वही मिटली आणि आईला म्हणाली, ‘मला गाणं ऐकायला आवडतं गं. गायला नाही. लोकांनी मला गाणारी म्हणावं, एवढंच हवं होतं.’ आई गप्प. मी गप्प. केवढं अवघड वाक्य आहे ते! गाणं आवडत नाही, हे सांगणं त्या मानाने सोपं होतं. कौतुक हवं होतं, हे तोंडाने म्हणायला छाती लागते. त्यानंतर ताई एकदाही स्वतःला आळशी म्हणाली नाही. आता गाणं लावून ठेवते आणि शेजारी कुणाचं तरी बिघडलेलं यंत्र उघडून बसलेली असते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ज्यांना अजून सापडलेलं नाही त्यांच्यावर तर माझा मुळीच राग नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अपेक्षा ऐकल्यावर स्वतःचा आवाज लगेच कुठे ऐकू येणार? वेळ लागतो. पण निदान जिला सापडलाय तिला तरी गप्प बसवू नका रे.

माझं विचाराल तर मला लिहायला हवं असतं आणि ते लोकांनी वाचायला हवं असतं. समाजासाठी वगैरे नाही, मला बरं वाटतं म्हणून. तुम्हाला काय हवंय? खाली लिहा. शोभणारं नको, खरं लिहा. मी एकेक वाचणार आहे.