‘यांना साधं चाकाचं माप घेता येत नाही’ या रिव्ह्यूला वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री पोरानं मोबाईलवर वाचून दाखवला. तुम्हाला जो त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आंबोली घाटात, अंधारात, घरची माणसं गाडीत असताना मागून चाक घासल्याचा आवाज यायला लागला की पोटात कसा गोळा येतो, हे मला माहीत आहे.

तुमची कॉन्टेसा खाली बसवून तिला मोठी चाकं चढवायचं काम आमच्याकडे होतं. तुम्ही लिहिलंय, तीन आठवडे सांगून सहा आठवडे लावले. खरं आहे. कॉन्टेसा ही हिंदुस्थान मोटर्सची जुनी गाडी, बनायची 2002 साली थांबली, पुढच्या आर्मचे बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे) आता दुकानात मागून मिळत नाहीत. दोनदा मागवले, दोन्ही वेळा मापात बसले नाहीत, शेवटी लेथवर स्लीव्ह बनवून बसवले. पण उशीर होतोय हे फोन करून तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, ते आम्ही केलं नाही. चूक आमची. बिल 38,000 सांगून 44,500 झालं, हेही खरं. वरचे 6,500 बुशचे आणि दोन बॉल जॉइंटचे. काढलेले बॉल जॉइंट तुम्हाला दाखवले, हाताने हलत होते. तरी बसवायच्या आधी विचारायला हवं होतं, नंतर दाखवून उपयोग नसतो.

एवढं सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंत, ‘यांना साधं चाकाचं माप घेता येत नाही’. साहेब, ही ओळ लागली. माझे वडील उद्यमनगरात लेथवर उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी उभा राहून व्हर्नियर धरायला शिकलो. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही वाचा आणि ज्यांनी तुमचं वाचलं त्यांनीही वाचावं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा गाडीवर 195/70 आर 14 टायर होते, म्हणजे रुंदी 195 मिलिमीटर, भिंत त्या रुंदीच्या 70 टक्के, रिम 14 इंची. तुम्हाला गाडी खाली बसलेली आणि चाकं भरलेली हवी होती. हौस आहे, त्यात वाईट काही नाही. कॉन्टेसाला लोक आपल्याकडची मसल कार म्हणतात ते उगीच नाही. मूळची ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, लांब बॉनेट, रुंद खांदे. बारीक चाकांवर ती उघडी दिसते, हे मलाही मान्य. त्या दिवशी मी मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या, जॅकने अ‍ॅक्सल बंप स्टॉपला (वर जाताना तो जिथे अडतो त्या रबराला) टेकेपर्यंत वर नेला आणि हबच्या तोंडापासून फेंडरच्या, म्हणजे मडगार्डच्या, कडेपर्यंत माप घेतलं. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून घेतलं. गाडी नुसती उभी असताना टेप लावून घेतलेलं माप म्हणजे माप नव्हे. चाक खड्ड्यात वर जातं तेव्हा जागा किती उरते, ते माप. हे करायला आमचा अर्धा दिवस गेला आणि त्याचा एक रुपया बिलात नाही.

त्यावरून तुम्हाला लिहून दिलं: 16 इंची रिम, 7 इंच रुंद, ऑफसेट 30, टायर 205/55 आर 16. ऑफसेट म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते; आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर येतं. या टायरची उंची जुन्यापेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर जास्त, म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही, आणि गाडी पूर्ण दबली तरी मागे 16 मिलिमीटर मोकळे.

आठ दिवसांनी तुम्ही पुण्याहून जुन्या रिमचा सेट घेऊन आलात. 17 इंची, 8 इंच रुंद, ऑफसेट 15, त्यावर 225/45 टायर. तुम्ही म्हणालात, उंची तर तेवढीच आहे, मग अडचण काय. उंची तेवढीच होती, हे बरोबर. पण रिम एक इंच रुंद झाली म्हणजे अर्धा इंच बाहेर गेली, आणि ऑफसेट पंधराने कमी म्हणजे आणखी पंधरा मिलिमीटर बाहेर. रिमची कड जवळजवळ 28 मिलिमीटर बाहेर आली, टायरची 25. माझ्याकडे होते 16. ऑफसेटचा आकडा रिमवरच कोरलेला असतो, तो मी तुम्हाला टॉर्च मारून दाखवला होता. भोकं जुळली म्हणजे चाक बसलं, असं नसतं.

मी म्हटलं, हे मागे घासणार. तुम्ही म्हणालात, मी रविवारी एकटाच फिरवतो, फार तर मिसेस बरोबर असतात. मग फेंडरची आतली कड वळवून आठेक मिलिमीटर जागा काढली आणि वहीत लिहिलं: ‘मागे माणसं बसवू नयेत, डिक्कीत वजन टाकू नये, 100 किलोमीटरनंतर नट आवळायला व अलाइनमेंटला येणे.’ खाली तुमची सही आहे. ते पान मी इथे टाकणार नाही, तुमचं नाव आहे त्यावर. पण वही कपाटात आहे. तुम्ही शंभर किलोमीटरनंतर आला नाहीत. पाच माणसं आणि सामान घेऊन आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला गेलात.

आता राहिलं, फक्त उजवं मागचंच चाक का घासलं. त्यावरून तुम्ही लिहिलंत की ‘बसवतानाच वाकडं बसवलंय’. कॉन्टेसाला मागे लाइव्ह अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल), कॉइल स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल आडवा धरून ठेवायला पॅनहार्ड रॉड असतो. या रॉडचं एक टोक बॉडीला, दुसरं अ‍ॅक्सलला. बॉडी खाली-वर झाली की रॉड कमानीत फिरतो आणि सगळा अ‍ॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो. रिकाम्या गाडीत ते जाणवत नाही. पाच माणसं, सामान आणि घाटातला खड्डा असं एकत्र आलं की चार-सहा मिलिमीटर सहज सरकतो, आणि तिथेच तुमची राहिलेली जागा संपली. यासाठीच मी लांबी कमीजास्त करता येणारा रॉड आमच्याच लेथवर करून देतो म्हटलं होतं, 3,800 रुपये. तुम्ही म्हणालात, ते नंतर बघू. तुम्ही जो अमेरिकेतल्या 1969 च्या मस्टँगचा व्हिडिओ दाखवत होतात, त्या गाडीला मागे पाटे (लीफ स्प्रिंगा) असतात, अ‍ॅक्सल त्या पाट्यांनीच जागेवर धरलेला असतो. तिचा हिशेब हिला लावून चालत नाही.

गाडी कडक झाली म्हणता. थोडी होणारच. जुन्या टायरची भिंत 136 मिलिमीटरची होती, नव्याची 101. खड्ड्याचा पहिला मार टायरच खातो, त्याचं अंग कमी केलं की तो मार स्प्रिंगेवर आणि मग पाठीवर येतो. स्प्रिंगा आम्ही फक्त 30 मिलिमीटर खाली बसणाऱ्या घातल्या. तुम्ही अजून एक वेढा कापा म्हणालात, मी कापला नाही. आठ वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग चौदा टक्क्यांच्या आसपास कडक होते आणि वरून चाकाला हालायला जागाही राहत नाही. तेव्हा तुम्ही नाराज झालात, पण तिथे मी नाही म्हटलं ते बरं केलं असंच मला आजही वाटतं.

जिथे नाही म्हणायला हवं होतं, तिथे मात्र म्हटलं नाही. ती चाकं मी चढवायलाच नको होती. चाकं बॉडीच्या बाहेर आली तर आरटीओ मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत केलेल्या बदलांचं) लावू शकतो, एवढं सांगून मी गप्प बसलो. तुम्ही इतक्या लांबून सेट घेऊन आलात, तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला आणि हात नाही म्हणेना. सही घेतली म्हणून माझी जबाबदारी संपली, असं मी समजत नाही. पण माप चुकलं असं कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही, कारण ते चुकलेलं नाही.

तुमचा रिव्ह्यू आल्यापासून एका गिऱ्हाईकानं अ‍ॅडव्हान्स परत मागितला, मी दिला. माझ्याकडे तीन पोरं कामाला आहेत. जुन्या गाड्यांचं काम एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानावर जाऊन येतं, त्यामुळे अशा एका ओळीनं काय होतं ते तुम्हाला तिकडे बसून दिसणार नाही. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही. उशीर आणि बिल याबद्दल लिहिलंत ते तसंच राहू दे. फक्त मापाची ओळ तेवढी पुन्हा एकदा विचार करून बघा.

यापुढे उशीर होणार असेल, खर्च वाढणार असेल तर गिऱ्हाईकाला आधी फोन जाईल, त्यासाठी काहीतरी व्यवस्था करतोच आहोत. तुमची गाडी घेऊन या. पॅनहार्ड रॉड करून देतो, पैसे नकोत. फेंडरला जिथे घासलंय तिथला रंगही बघू. येताना गोव्याला जी माणसं बरोबर होती त्यांनाही आणा, मागे बसवू, गाडी दाबू आणि तुमच्यासमोर माप घेऊ. रविवारी वर्कशॉप बंद असतं, पण तुम्ही येणार असाल तर मी उघडतो.

तुमची जुनी 14 इंची चारही चाकं माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलेली आहेत. नवीन चाकांनी मन विटलं असेल तर त्याच दिवशी ती चढवून देतो.